टासिलो: शार्लमेनने गादीवरून उतरवलेला बव्हेरियाचा ड्यूक

रानजाई

इ.स. ७८८. ऱ्हाइनकाठी इंगेलहाइमच्या राजवाड्यात मोठी सभा भरली होती. फ्रँक, सॅक्सन, लोम्बार्ड, बव्हेरियन, सगळीकडचे सरदार हजर होते. आरोपी होता बव्हेरियाचा ड्यूक टासिलो तिसरा. वय साधारण ४७, त्यातली ४० वर्षं ड्यूकपदावर गेलेली. फ्रँकांचा राजा शार्लमेन हा त्याचा सख्खा मामेभाऊ. आणि ज्या गुन्ह्यासाठी सभेने देहदंड ठोठावला तो २५ वर्षांपूर्वीचा: ७६३ साली राजाच्या मोहिमेतून टासिलो आपली माणसं घेऊन घरी निघून गेला होता. राजाने दया दाखवली, जीव घेतला नाही. डोकं भादरून मठात पाठवलं. त्याच्याबरोबर बव्हेरियावर दोनशेहून जास्त वर्षं राज्य केलेल्या आगिलोल्फिंग घराण्याचा कारभार संपला.

या माणसावर मला बरेच दिवस लिहायचं होतं. कारण त्याची गोष्ट आपल्याला मुख्यतः फ्रँक दरबारात लिहिलेल्या वार्षिक नोंदींतून कळते, आणि त्या नोंदी खटल्यानंतर थोड्याच वर्षांत, जिंकलेल्या बाजूच्या लेखणीतून उतरल्या. त्यांत टासिलो आहे शपथा मोडणारा, बायकोच्या नादी लागलेला, शत्रूला फितूर झालेला. त्याच्या स्वतःच्या काळातले दानलेख, मठ आणि वस्तू पाहिल्या की वेगळा माणूस दिसतो. माझं मत सुरुवातीलाच सांगते: इंगेलहाइमचा निकाल आधी ठरला होता आणि पुरावे मागून गोळा केले गेले.

आधी नातीगोती, त्याशिवाय हे प्रकरण समजायचं नाही.

फ्रँकांचा सर्वेसर्वा चार्ल्स मार्टेल ७४१ साली वारला. त्याची मुलगी हिल्ट्रूड भावांचा विरोध डावलून, सावत्र आई स्वानहिल्डच्या मदतीने, ऱ्हाइन ओलांडून बव्हेरियाचा ड्यूक ओडिलो याच्याकडे निघून गेली आणि त्याच्याशी लग्न केलं. स्वानहिल्ड मूळची बव्हेरियाचीच. टासिलो हा ओडिलो-हिल्ट्रूडचा मुलगा. हिल्ट्रूडचे भाऊ पिपिन (शार्लमेनचा बाप) आणि कार्लोमान यांनी ७४३ साली लेख नदीवर या मेव्हण्याचा पराभव केला, पण गादीवरून काढलं नाही. ७४८ साली ओडिलो गेला तेव्हा पोर सात वर्षांचं होतं. लगोलग स्वानहिल्डचा मुलगा ग्रिफो बव्हेरियात घुसला आणि त्याने मायलेकरांना ताब्यात घेतलं. पिपिनने फौज आणून ग्रिफोला हुसकावलं आणि भाच्याला गादीवर बसवलं. कारभार हिल्ट्रूडने पाहिला, ७५४ साली ती वारेपर्यंत. मधल्या काळात, ७५१ मध्ये, पिपिन स्वतः फ्रँकांचा राजा झाला होता.

म्हणजे गादी मिळाली ती मामाच्या फौजेमुळे. शार्लमेनचा सगळा दावा पुढे याच एका गोष्टीवर उभा राहिला.

दरबारी नोंदी सांगतात की ७५७ साली काँपिएन्य इथे टासिलोने पिपिनच्या हातात हात देऊन स्वतःला त्याचा मांडलिक म्हणवून घेतलं, आणि संत दनी, रुस्तिकुस, एलेउथेरिउस, जर्मानुस आणि मार्तिन यांच्या अस्थींवर हात ठेवून शपथा वाहिल्या. पाच संत, एकेकाच्या नावासकट. पण ही नोंद तीस वर्षांनी लिहिलेली आहे. त्याच काळात पिपिनच्या घरच्यांनीच लिहून घेतलेली एक बखर उपलब्ध आहे, फ्रेडेगारच्या बखरीला पुढे जोडलेली. पिपिनच्या काकाने आणि मग त्या काकाच्या मुलाने ती पुढे नेली. त्या बखरीत या शपथेचा एका ओळीनेही उल्लेख नाही. बव्हेरियाचा ड्यूक पायाशी आला असता तर घरचा बखरकार ते लिहायचं विसरला असता का?

मग ७६३. पिपिन अ‍ॅक्विटेनच्या, म्हणजे आजच्या नैर्ऋत्य फ्रान्सच्या, ड्यूक वायफारवर दरवर्षी चालून जात होता. द्राक्षमळे उपटायचे, गावं जाळायची, किल्ले पाडायचे. नोंदी म्हणतात की टासिलोने आजारपणाचं निमित्त केलं, मोहीम सोडली आणि पुन्हा राजाचं तोंड पाहायचं नाही असं ठरवलं. फौज सोडून जाण्याच्या या गुन्ह्याला फ्रँक 'हारिस्लिझ' म्हणत. वायफार हाही टासिलोसारखाच, जुन्या प्रदेशाचा ड्यूक. त्याला संपवायच्या मोहिमेत आपण का राबायचं, असं बव्हेरियाच्या ड्यूकला वाटलं असेल तर मला ते पटतं. पिपिनने बव्हेरियावर फौज आणली नाही. ७६८ साली वायफार मारला गेला, आणि त्याच वर्षी पिपिनही वारला.

आता त्या मधल्या पंचवीस वर्षांकडे बघा, कारण खरा टासिलो तिथे आहे. उत्तर इटलीवर राज्य करणारा लोम्बार्ड राजा डेसिडेरिउस याची मुलगी लिउटपिर्क ही त्याची बायको. ७६९ साली इटलीतून परतताना त्याने बोल्झानोत दानलेख करून दिला आणि आल्प्समध्ये इन्निखेनचा मठ उभा राहिला, स्लाव्ह लोकांत धर्मप्रसार करण्यासाठी. ७७२ मध्ये त्याने कारांतानिया जिंकला, म्हणजे आजच्या ऑस्ट्रियाचा दक्षिण भाग. त्याच वर्षी त्याचा मुलगा थेओडो याला रोममध्ये खुद्द पोप हेड्रियनने बाप्तिस्मा दिला. ७७४ साली साल्झबुर्गला बिशप व्हर्जिलच्या भल्यामोठ्या कॅथेड्रलचं लोकार्पण झालं. हा व्हर्जिल मूळचा आयरिश. ७७७ मध्ये क्रेम्समुन्स्टरचा मठ. आशहाइम, डिंगोल्फिंग, नॉयखिंग इथे धर्मसभा. बव्हेरियातले दानलेख 'टासिलोच्या राज्याच्या अमुक वर्षी' असे लिहिले जात. धर्मसभा, मोहिमा, मठ, पोपशी सोयरीक, आणि राज्याची वर्षंही स्वतःच्या नावाने. राजा ही पदवी तेवढी लावली नव्हती.

७७० मध्ये शार्लमेनची आई बेर्ट्राडा बव्हेरियामार्गे इटलीला गेली आणि डेसिडेरिउसची आणखी एक मुलगी शार्लमेनला करून घेतली. मामेभाऊ-आतेभाऊ आता साडूही झाले. वर्षभरातच शार्लमेनने त्या बायकोला परत पाठवलं. ७७४ मध्ये लोम्बार्डांची राजधानी पाविया पडली, डेसिडेरिउसला फ्रँकांच्या देशात मठात डांबलं, आणि लोम्बार्डांचा मुकुट शार्लमेनच्या डोक्यावर आला. बव्हेरियाच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला आता एकच राजा. पूर्वेला आवार, म्हणजे डॅन्यूबच्या खोऱ्यात सत्ता असलेले घोडेस्वार लोक. टासिलोला मागे सरायला जागाच उरली नाही.

तरी शार्लमेन घाई करत नव्हता. ७८१ मध्ये त्याने आणि पोपने मिळून दूत पाठवले, टासिलो वोर्म्सला आला, जुन्या शपथेची उजळणी झाली आणि त्याने १२ ओलीस दिले. ७८७ मध्ये टासिलोने साल्झबुर्गचा बिशप आर्न आणि मोन्डसेचा मठाधिपती हुनरिक यांना रोमला मध्यस्थीसाठी पाठवलं. ज्या पोपने त्याच्या मुलाला बाप्तिस्मा दिला होता त्यानेच उलट बजावलं: राजाचं ऐका, नाहीतर धर्मबहिष्कार. त्या शरद ऋतूत तीन फौजा निघाल्या. शार्लमेन स्वतः आऊग्सबुर्गजवळच्या लेखफेल्ड मैदानावर, दुसरी फौज डॅन्यूबकाठी फ्योरिंगला, आणि इटलीतून शार्लमेनचा मुलगा, राजपुत्र पिपिन, याची फौज बोल्झानोपर्यंत. बव्हेरियातल्या बऱ्याच सरदारांनी राजाची बाजू धरली होती. ३ ऑक्टोबर ७८७ रोजी टासिलो लेखफेल्डला शरण आला. माणसाची आकृती कोरलेला दंड राजाच्या हाती देऊन त्याने प्रदेश सोपवला आणि मग मांडलिक म्हणून परत घेतला. पुन्हा १२ ओलीस, आणि तेरावा थेओडो, पोटचा मुलगा.

पुढच्या वर्षी इंगेलहाइम. आरोप करणारे बव्हेरियनच होते: बायकोच्या सांगण्यावरून आवारांशी संधान बांधलं, आपल्या लोकांना मनात दुसरं ठेवून शपथा घ्यायला सांगितलं, दहा मुलगे असते आणि ते सगळे गमवावे लागले असते तरी असे करार पाळले नसते असं म्हणाला. हे आरोप पुरेसे वाटले नसावेत, कारण मग ७६३ची फौज सोडल्याची गोष्ट काढली गेली आणि देहदंड झाला तो त्यावर. एका नोंदीप्रमाणे टासिलोने एवढीच विनंती केली की दरबारात, सगळ्या फ्रँकांसमोर माझे केस कापू नका. म्हणून ६ जुलै ७८८ रोजी झांक्ट गोआर इथे ते कापले गेले. तो स्वतः अजून राजाच्या ताब्यात होता तेव्हाच राजाची माणसं बव्हेरियात जाऊन त्याची बायको, मुलं, खजिना आणि नोकरचाकर घेऊन आली होती. थेओडोही साधू झाला. बव्हेरियावर शार्लमेनने आपला मेव्हणा गेरोल्ड याला प्रशासक नेमलं.

मुलींबद्दल आणि ७९४च्या प्रकरणाबद्दल प्रतिसादांत लिहीन, इथे फार लांबलं.

---

सायसाखर

अप्रतिम धागा! शार्लमेन एवढाच माहीत होता, त्याचा आतेभाऊ आज कळला. ७५७च्या शपथेवर आणखी वाचायला आवडेल.

---

न्यायवही

मी वकिली करतो, म्हणून खटल्याच्या अंगाने वाचलं. मला सगळ्यात खटकलं ते हे: ७६३ नंतर दोन वेळा समझोता झालाय. ७८१ला वोर्म्सला राजाने त्याच्याकडून शपथ वदवून घेतली, ओलीस घेतले, त्याला परत जाऊ दिलं. ७८७ला तर शरणागती घेऊन प्रदेश पुन्हा त्याच्याच हाती दिला. म्हणजे मागचं सगळं पोटात घालून नव्याने संबंध जोडला. मग ७८८ला तोच जुना गुन्हा उकरून त्यावर मृत्युदंड? तोही बापाच्या काळातला. आणि जे ताजे आरोप होते, आवारांचे, त्यांवर शिक्षा का दिली नाही? माझा तर्क असा की ताज्या आरोपांना साक्षी होत्या त्या राजाच्या बाजूला गेलेल्या बव्हेरियन सरदारांच्याच. फौज सोडली ही गोष्ट मात्र भर छावणीत घडलेली, नाकारता न येणारी. शिक्षा टिकेल असा आरोप निवडला.

---

रानजाई

@न्यायवही, अगदी नेमकं. आणि याला पुस्ती म्हणून ७९४ची गोष्ट. फ्रँकफुर्टच्या धर्मसभेत, म्हणजे निकालाला सहा वर्षं होऊन गेल्यावर, टासिलोला मठातून बाहेर काढून सगळ्यांसमोर उभं केलं. त्याने पिपिनच्या आणि शार्लमेनच्या काळातल्या अपराधांची माफी मागितली, आणि स्वतःचे, मुलांचे, मुलींचे बव्हेरियातले सगळे हक्क सोडले. या सोडचिठ्ठीच्या एकाच मजकुराच्या तीन प्रती केल्या: एक राजवाड्यात, एक राजवाड्याच्या चॅपेलमध्ये, आणि एक खुद्द टासिलोसाठी, मठात ठेवायला.

७८८चा निकाल पक्का असता तर हे करायची गरज पडली नसती. ड्यूकपद राजाने काढून घेतलं, पण वडिलोपार्जित जमिनींचं काय? ती टासिलोची घरची मालमत्ता होती, आणि बव्हेरियन कायद्यात ड्यूक आगिलोल्फिंग घराण्यातलाच असावा असं लिहिलेलं होतं. शिवाय ७९२ मध्ये शार्लमेन रेगेन्सबुर्गला, म्हणजे टासिलोच्याच राजधानीत असताना, त्याचा स्वतःचा थोरला मुलगा कुबडा पिपिन याने बापाविरुद्ध कट केला होता. अशा वेळी आगिलोल्फिंगांचं नाव जागतं ठेवणं परवडणारं नव्हतं.

---

घाटमाथा

लेख आवडला, पण बाजू फार एकीकडे झुकलीय असं वाटतं. थोडं शार्लमेनच्या जागेवरून बघूया.

एक, बव्हेरियाचा कायदा ड्यूक आगिलोल्फिंग असावा म्हणतो हे खरं, पण त्याच कायद्यात राजाची आज्ञा धुडकावणाऱ्या ड्यूकने पद गमवावं असंही कलम आहे. ड्यूकवर राजा आहे हे बव्हेरियनांनाही मान्य होतं. दोन, ७४९ला गादी पिपिनने मिळवून दिली, हे तुम्हीच लिहिलंय. तीन, आल्प्समधल्या ब्रेनर खिंडीचा रस्ता बव्हेरियातून जातो. इटली जिंकल्यावर शार्लमेनला दोन राज्यांमधला तो डोंगरी रस्ता दुसऱ्याच्या हातात ठेवणं शक्य होतं का? चार, ७८८ साली आवार खरंच चालून आले, एक फौज इटलीवर आणि एक बव्हेरियावर. आरोप खोटा असता तर ते त्याच वर्षी कसे आले?

७५७च्या शपथेबद्दल: इतिहासकार माथियास बेखर यांनी ती नोंद नंतर रचलेली आहे असं मांडलं, आणि त्यानंतर बहुतेक अभ्यासक तिच्याकडे संशयाने बघतात, हे मान्य. पण ७५७ला काहीच घडलं नाही असंही त्यातून सिद्ध होत नाही. मामाच्या दरबारी जाऊन भाच्याने निष्ठेचा शब्द दिला असेल, आणि तीस वर्षांनी त्याला मांडलिकत्वाचा पूर्ण पोशाख चढवला गेला असेल.

---

रानजाई

@घाटमाथा, ७५७बद्दल तुमचं शेवटचं वाक्य मला पूर्ण पटतं. भाचा मोठा झाला, मामाला भेटायला गेला, शब्द दिला, इतपत सहज घडलं असेल. वाद आहे तो मांडलिकत्वाचा.

ब्रेनरचा मुद्दाही बरोबर. तो मी धाग्यात घ्यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. पण ती राज्याची गरज झाली, टासिलोचा गुन्हा नव्हे. माझा आक्षेप एवढाच की गरजेला अपराधाचं रूप दिलं गेलं.

आवारांबद्दल मात्र मी हटणार नाही. ते आले टासिलो पदच्युत झाल्यावर. करार होता म्हणून आले असतील, किंवा सीमेवरचा अनुभवी ड्यूक गेला आणि नवा प्रशासक अजून बसतोय हे बघून आले असतील. दोन्ही शक्यता सारख्याच उभ्या राहतात. आणि त्या वर्षी इब्स नदीपाशी आवारांना रोखलं ते बव्हेरियनांनीच, राजाच्या प्रतिनिधींच्या साथीने. तसंच, ७७८च्या स्पेनच्या मोहिमेत शार्लमेनच्या फौजेत बव्हेरियन होते. नातं पूर्ण तुटलेलं असतं तर ते गेले असते का?

---

पाऊलवाट

मी ऑस्ट्रियात असते. क्रेम्समुन्स्टर लिन्त्सच्या नैर्ऋत्येला आहे, इथून सहज जाता येतं. टासिलोचा चषक तिथे ठेवलाय त्याबद्दल लिहिते, कारण फोटोत त्याची कल्पना येत नाही.

उंची सुमारे २५ सेंटिमीटर, वजन सुमारे ३ किलो. तांब्याचा ओतीव, वर सोन्याचा मुलामा, आणि चांदीच्या पट्ट्यांवर काळ्या रंगात रेखाटलेली चित्रं. वरच्या वाडग्यावर ख्रिस्त आणि चार सुवार्तिक, खाली बुडाशी चार संत. डोळे मोठे, टक लावून बघणारे. मधल्या जागेत एकमेकांत गुंतलेले प्राणी, शेपट्या, पाय, चोचा. ही नक्षी इंग्लंड-आयर्लंडकडच्या हस्तलिखितांमध्ये दिसते तशी आहे. व्हर्जिल आयर्लंडचा होता हे वाचल्यावर आता ते जुळतंय. वाडगा बुडापेक्षा एवढा मोठा की बघताना वाटतं हा उचलायला दोन्ही हात लागणार.

आणि अगदी खाली, बुडाच्या कडेने फिरणारी लॅटिन अक्षरं: टासिलो डुक्स फोर्टिस, लिउटपिर्क विर्गा रेगालिस. शूर ड्यूक टासिलो, राजवंशाचा कोंब लिउटपिर्क. ती वाचायला गोल फिरावं लागतं. मला विशेष वाटलं ते हे की नवऱ्याला ड्यूक म्हटलंय आणि बायकोला राजघराण्यातली. डेसिडेरिउसची मुलगी आहे हे मुद्दाम कोरलंय.

चषक आजही वापरात आहे, मोजक्याच मोठ्या प्रसंगी, नवा मठाधिपती निवडताना वगैरे.

---

सायसाखर

@पाऊलवाट, काय सुंदर वर्णन! मठ कशासाठी बांधला त्याचीही काही कथा आहे ना? रानडुकराची?

---

पाऊलवाट

हो. गुंथर नावाचा टासिलोचा मुलगा शिकारीत रानडुकराने मारला, आणि त्याच्या स्मरणार्थ बापाने मठ बांधला अशी आख्यायिका आहे. मठाच्या चर्चमध्ये गुंथरची समाधी आहे, साधारण १३००च्या सुमाराची: आडवा पडलेला तरुण, सोबत रानडुक्कर आणि शिकारी कुत्रा. मात्र ७७७च्या दानलेखात गुंथर कुठेच नाही. ११ डिसेंबरला, टासिलोच्या मृत्युतिथीला, मठात संस्थापकाचा दिवस पाळतात. शार्लमेनने त्याचं पद काढलं, पण इथल्या साधूंनी त्याचं पुण्यस्मरण सोडलं नाही.

---

बांधावरची_बाभळ

त्या ७७७च्या दानलेखाबद्दल थोडी भर. शेतीच्या इतिहासाची आवड असणाऱ्याला तो लेख सोन्यासारखा आहे. त्यात नुसती जमीन दिलेली नाही. मिठागर आहे, ते चालवणारी माणसं आहेत, जंगल तोडून शेती केलेले स्लाव्ह आहेत, आणि त्यांच्या प्रमुखाचं नावही आहे: फिस्सो, ज्याला 'जोपान' म्हटलंय. स्लाव्ह लोकांच्या गावप्रमुखाला पुढे 'झुपान' म्हणतात, त्या पदाचा हा सगळ्यात जुना लेखी पुरावा मानला जातो. दरबारी नोंदींत अशी माणसं सापडत नाहीत. तिथे राजा, ड्यूक, पोप, शपथ. इथे मीठ काढणारा माणूस आणि परक्या भाषेतला पाटील, दोघंही कागदावर आले. एवढ्या तपशिलाने दान लिहून देणारा ड्यूक कारभारात हलगर्जी होता असं कुणी म्हणू नये.

---

सुईदोरा

सगळे टासिलोबद्दल बोलताय, मला लिउटपिर्कबद्दल बोलायचंय.

दरबारी नोंदींत तिच्याबद्दल जे लिहिलंय ते वाचून राग येतो. आवारांशी संधान बांधलं, तर बायकोने भरीला घातलं. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ड तर सगळ्या युद्धाचं कारणच तिच्या माथी मारतो: बापाला पदच्युत केल्याचा सूड तिला उगवायचा होता म्हणे. मान्य करू की तिच्या मनात राग होता. बाप मठात कैद, बहीण वर्षभरात माहेरी परत पाठवलेली, भाऊ परागंदा. राग नसता तरच नवल. पण गरज शार्लमेनला होती, तीन फौजा त्याने पाठवल्या, आणि दोष कुणाला, तर बाईला. पुरुषाने राज्य घेतलं की ते राजकारण, बाईने नवऱ्याला सल्ला दिला की कारस्थान.

हिल्ट्रूडचंही तसंच. भावांना न विचारता लग्न केलं म्हणून तिच्यावर ठपका, पण तिने सहा वर्षं मुलाची गादी सांभाळली ते कुणी मोठ्याने सांगत नाही.

रानजाई, मुलींचं काय झालं ते लिहाल का?

---

रानजाई

@सुईदोरा, दोन मुलींची नावं आहेत: कोटानी आणि रोट्रूड. एकीला शेल इथल्या मठात पाठवलं, दुसरीला लाँ इथे. शेलच्या मठाची प्रमुख होती गिझेला, शार्लमेनची सख्खी बहीण. म्हणजे नजरकैद घरच्याच माणसाकडे. लिउटपिर्कलाही धर्मवस्त्र घ्यावं लागलं. मुलगे-मुली सगळे वेगवेगळ्या ठिकाणी, एकाचीही पुढे संतती होणार नाही अशी व्यवस्था. टासिलोला नोर्मंडीतल्या ज्युमिएजला ठेवलं, आणि लोर्शच्या मठाशीही त्याचं नाव जोडलेलं आहे.

तुमच्या मुद्द्यात भर घालते. चषकावर ती नवऱ्याच्या बरोबरीने आहे, आणि ही वस्तू तिच्या हयातीत, तिच्या संमतीने बनली. दरबारी लेखकाचं तिच्याबद्दलचं मत आपल्याला मिळालं, तसं तिचं स्वतःबद्दलचं मतही मिळालं, त्या दोन शब्दांत. मी तरी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवेन.

---

घाटमाथा

चर्चा रंगलीय. एक प्रश्न उरतो. टासिलोने मठांना, बिशपांना जे दिलं ते ७८८ नंतर वैध राहिलं का? राजा म्हणू शकत होता की राजद्रोह्याने दिलेलं दान रद्द.

---

रानजाई

फार चांगला प्रश्न, आणि त्या काळच्या बिशपांची झोपही याच प्रश्नाने उडाली होती.

साल्झबुर्गचा आर्न, जो ७८७ला टासिलोचा वकील बनून रोमला गेला होता, त्याने निकालानंतर लगेच आपल्या चर्चची सगळी मालमत्ता एका यादीत उतरवून काढली: कुठल्या ड्यूकने काय दिलं, कुठलं गाव, कुठलं कुरण, राइखेनहालची मिठाची आगरं. वयस्कर माणसांना विचारून, साक्षी घेऊन. ही यादी आर्नच्या नावानेच ओळखली जाते, आणि तिचा उद्देश स्पष्ट आहे: शार्लमेनने हे सगळं मान्य करावं. ते झालं, आणि ७९८ मध्ये साल्झबुर्ग आर्चबिशपचं पीठ झालं, आर्न पहिला आर्चबिशप. टासिलोचा माणूस शार्लमेनचा विश्वासू झाला. त्याला मी दोष देत नाही, त्याला चर्च वाचवायचं होतं.

क्रेम्समुन्स्टरला ७९१ मध्ये शार्लमेनकडून टासिलोच्या दानाची नव्याने मंजुरी घ्यावी लागली. आधीचं दान भक्कम धरता येत नव्हतं ते यावरूनच कळतं.

पण सगळ्यांच्या वाट्याला हे नशीब आलं नाही. कीमझेचा मठ शार्लमेनने २५ ऑक्टोबर ७८८ रोजी मेत्सच्या बिशपला देऊन टाकला, म्हणजे केस कापल्याला चार महिनेही झाले नव्हते. त्या सनदेत कारण दिलंय: बव्हेरिया हा आमच्या फ्रँक राज्याचाच भाग, तो ओडिलो आणि आमचा नातलग टासिलो या दुष्ट माणसांनी काही काळ बेइमानीने आमच्यापासून तोडला होता, तो आता परत आला. इथे ७६३ची फौज नाही, आवार नाहीत, बायको नाही. गुन्हा बापापासून धरलाय, म्हणजे टासिलो गादीवर बसण्याच्याही आधीपासून. @न्यायवही, तुमच्या तर्काला याहून चांगला कागद मला सापडलेला नाही.

---

न्यायवही

हा कागद आधी वाचला असता तर एवढा मोठा प्रतिसाद लिहिलाच नसता, हाच पुढे ठेवला असता. आरोपपत्रात एक कारण आणि जप्तीच्या हुकमात दुसरं. वायफारवरही धागा काढा, अ‍ॅक्विटेनची गोष्ट इथे दोन ओळींतच आली.

---

रानजाई

काढते. त्याची सुरुवात वायफारच्या आजोबांपासून, ओडोपासून करावी लागेल. ७२१ला तुलूजपाशी अरबांना हरवणारा तोच.